पेटीतल्या दोन बाळंतिणी

वडगाव रासाई,
सोमवार, दुपारची भांडी तशीच ठेवून

चि. सौ. हर्षदा हिला सख्ख्या थोरल्या बहिणीचे आशीर्वाद. (थोरल्या जावेचे आशीर्वाद तूर्त राखून ठेवले आहेत, वागणूक बघून पाठवीन.) तुझी तब्येत, विश्वजीत भावजींची पाठ आणि जुळ्यांचे दात ठीक असतील अशी आशा करते. इकडे सर्व क्षेम. तुझे दाजी (किंवा मोठे दीर, ज्या नात्यानं तू आमच्याशी अबोला धरला असशील ते) मजेत आहेत. पत्र लिहायचं कारण एवढंच की फोनवर आपण दुसऱ्या वाक्याला भांडतो आणि तिसऱ्याला तू फोन ठेवतेस. पत्रात तुला मधे बोलता येत नाही.

भावजींनी ह्यांना सांगितलं, की एक तारखेपासून तू कंपनीत लागणार आणि स्वरा-शौर्यला दिवसभर शिक्रापुरातल्याच कुणा बाईच्या पाळणाघरात ठेवणार. चांगलं आहे. माझं काही म्हणणं नाही. मी उंदरांबद्दल लिहितेय.

नदीकाठचा ऊस तुटला की रानातले उंदीर घराकडं वळतात हे तुला ठाऊक आहेच. परवा मी जुळ्यांच्या दुपट्यांची पत्र्याची पेटी उघडली (का उघडली ते विचारू नकोस, ऊन दाखवायला) तर दुपटी कुरतडून केलेलं मऊ घरटं आणि त्यात गुलाबी पिल्लांचा ढीग. ढिगावर बाळंतिणी मात्र दोन! एक गुबगुबीत, एक वाळकी. ज्या पिल्लाला जी सापडली तिला ते चिकटलेलं. मला माहेरची, कासुर्डीची आपली बाळंतपणाची खोली आठवली. दोन बाजा, तीन लेकरं, आणि जे रडेल त्याला जी जागी असेल तिनं घ्यायचं. साहजिकच गुबगुबीत उंदरीला मी हर्षदा म्हणू लागले. रागावू नकोस, वाळकीला माझं नाव आधीच लागलं होतं.

सासूबाईंनी डोकावून पाहिलं आणि निकाल दिला, ‘‘आगं सवे, उंदरांचं बाळंतपण करतीस व्हय? टाक जा उकिरड्यावर!’’ ह्यांनी पिंजरा आणला, त्यात कांदाभजी अडकवली. मी पेटीवर ठाण मांडून बसले. (भजी संध्याकाळी ह्यांनीच खाल्ली.)

मग गिरणीवाल्या अजीमभाईंच्या मेहकला बोलावलं. ती शिरूरच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकते. तिनं सांगितलं, की घरातल्या उंदरांत हे चालतंच. दोघी पिल्लं एकत्र करतात, आपलं-परकं न बघता पाजतात, त्यानं पिल्लं उबेत राहतात आणि जगतात जास्त. पण सगळं गोडीगुलाबीचं नसतं. जिची पिल्लं जास्त तिचा फायदा, आणि जिची कमी तिचं दूध दुसरीच्या लेकरांत जातं. कधी कधी तर जिचं बाळंतपण व्हायचंय ती आधी व्यालेलीची पिल्लं मारूनही टाकते. ‘‘बहिणी-बहिणी असल्या की जरा बरं जमतं वहिनी,’’ ती म्हणाली, ‘‘पण भांडणं काय सुटत न्हाईत.’’ एवढ्यासाठी कॉलेजात जायची गरज नव्हती, हे मी तिला सांगितलं.

आपलंही तेच झालं की गं. तू म्हणालीस, ताई स्वतःच्या रुद्रला आधी घेते. मी म्हणाले, तुझी दोन, माझं एक, मग जास्त कुणी पाजलं? आता एवढं खरं बोलल्यावर कुणी शिक्रापूरला बिऱ्हाड हलवतं का?

तर म्हटलं, आपल्यात झाला नाही तो न्याय उंदरांत तरी करावा. वाळकीच्या पोटाशी होती त्या पिल्लांना हळदीचं बोट लावलं. बिस्किटांचे दोन रिकामे डबे घेतले, दोन्हींत दुपट्याचे तुकडे घातले. हळदीची पिल्लं एकात, बिनहळदीची दुसऱ्यात. दोन्ही डबे पेटीत शेजारी शेजारी. रीतसर वाटणी, कुणाची तक्रार नको. आणि मी धारा काढायला गेले.

परत येऊन बघते तर सगळी पिल्लं एकाच डब्यात! हळद चाटून साफ. शेवटचं पिल्लू तोंडात धरून ती गुबगुबीत डब्याचा काठ चढत होती, पडत होती, पुन्हा चढत होती. कशीबशी आत पोचली, तर जागेवरून वाळकीनं तिच्या कानाला कडकडून चावा घेतला. तिनं उलटून हिला चावा घेतला. मग दोघी एकमेकींना रेलून आडव्या झाल्या आणि पिल्लं पिऊ लागली.

मी आधी हसले आणि मग पेटीपाशी बसून मोठमोठ्यानं रडले. हर्षू, मला करमत नाही गं. रुद्र पिता पिता थांबतो आणि दुसऱ्या बाजूला बघतो. तिकडं पूर्वी तुझ्या दोघांतलं कुणीतरी असायचं. थोड्या वेळानं सासूबाई मूठभर बाजरी पेटीत टाकून गेल्या.

असो. उंदरांचं एवढंच. भावजींना नमस्कार, जुळ्यांना पापे.

तुझी,
सविताताई

ता. क. पाळणाघराच्या बाईला अजून होकार देऊ नकोस. लेकरं इकडं आणून सोड, तू खुशाल कंपनीत जा. माझं एक आणि तुझी दोन मिळून तीन होतात, हा हिशेब मला येतो आणि चालतो.

ता. क. दुसरा. रात्रभर विचार केला. लेकरांना सोडून तू राहणार नाहीस. मीही राहिले नसते. म्हणून मीच रुद्रला घेऊन येते. खोली एकच आहे, माहीत आहे. सासूबाई म्हणाल्या, ‘‘जा, उंदरांकडं मी बघती.’’ चूक मात्र तुझीच होती, आणि ते मी तिथं येऊनही म्हणणार.

ता. क. तिसरा. पोस्टावर माझा भरवसा नाही, म्हणून हे पत्र तुझ्या दाराखालून सरकवतेय. दोनदा हात वर केला, पण कडी वाजवायचा धीर होईना. न्हावऱ्यात एसटी बदलताना रुद्र झोपला तो अजून झोपलाय. आत कुणीतरी रडतंय. स्वरा की शौर्य, दाराबाहेरून कळत नाही. कुणी का असेना, दार उघड आणि माझ्याकडं दे.