पहिलीच्या वर्गात गोरमाटी

९ सप्टेंबर
आज पुन्हा सोनीला बाहेर उभं केलं. गुन्हा काय, तर शेजारच्या पोरीला पाणी कुठं आहे ते गोरमाटीत विचारलं. हेडमास्तरांचा नियम आहे, लमाण तांड्याची भाषा फाटकाबाहेर. शाळा उघडल्यापासून ही पोरगी वर्गात मराठीत एक शब्द बोललेली नाही. हे.मा. म्हणाले, "राठोडबाई, हिला डोकंच नाही. नाव कमी करून टाका."
मी म्हटलं, बघते. या शाळेत आल्यापासून हेच म्हणून राहिले. बघते.

१० सप्टेंबर
मधल्या सुट्टीत सोनीला लिंबाखाली बसवलं. आपल्या बोलीत विचारलं, घरी कोण कोण? पोरीनं मागं वळून बघितलं, दुसरंच कोणी बोललं की काय. मग जी सुटली. शेळी व्याली, काळं करडू मेलं, बाप निलंग्याच्या रस्त्यावर खडी फोडतो, आजीला दिसत नाही पण चुलीतला जाळ कळतो. घंटा झाली तरी चालूच. शेवटी विचारते, बाई, तू आपल्यातली हायेस?
तांड्यात जन्मले मी. पण या पोरीला कसं कळावं? मी गोल पातळ नेसते, पावडर लावते, पुस्तकातलं बोलते. हे.मा.नी निदान आडनाव तरी वाचलंय माझं.
डोकं नाही म्हणे.

१४ सप्टेंबर
कालपासून पहिलीत सगळं आधी गोरमाटीत सांगते, मग तेच मराठीत. पग, पाय. बाटी, भाकर. याडी, आई. तांड्याची पोरं मागच्या भिंतीला टेकून बसायची, ती आपोआप पुढं सरकली. कोणी सांगितलं नाही.
पाऊस नाहीच. गावच्या हापशावर तांड्यातल्या बायांना सगळ्यात शेवटी भरू देतात, म्हणून पोरी उशिरा येतात. हे.मा. उशिराची शिक्षा वेगळी देतात.

२१ सप्टेंबर
गावातल्या एका मोठ्या घरचा नातू माझ्या वर्गात आहे. तो घरी जाऊन आईला याडी म्हणाला. झालं. आजोबा शाळेत आले, माझ्याकडं न बघता हे.मा.शी बोलले, "आमचं लेकरू लमाण करायलात का तुम्ही?" मी तिथंच उभी होते, हातात खडू.
ते गेल्यावर हे.मा. माझ्यावर. "माझ्या घरी कानडी आहे. बायको कानडीत भांडते माझ्याशी. शाळेत आणली का कधी? निजामाच्या राज्यात आम्ही उर्दूत शिकलो. घरात कानडी, गावात मराठी, शाळेत उर्दू. मेलो का?"
मी म्हटलं, "तुम्ही शिकलात. तुमच्या वर्गातले बाकीचे कुठं आहेत, गुरुजी?"
ते टोपी उचलून निघून गेले. रागानं की आठवून, कळलं नाही. मला जाणूनही घ्यायचं नाही.

६ ऑक्टोबर
लातूरहून साहेब तपासणीला येणार. जिल्हा नवा, ऑफिस नवं, साहेबही नवे. हे.मा.ना एक खोली वाढवून पाहिजे आहे, म्हणून सकाळपासून चुना मारणं चालू. मला बोलावून म्हणाले, "परवा तांड्याची पोरं मागं बसवा. सोनीला तर आणूच नका."
मी हो म्हटलं नाही. नाही पण म्हटलं नाही.

८ ऑक्टोबर
सोनी पुढं बसली. मीच बसवली.
साहेबांनी भिंतीवरचा तक्ता दाखवून एकेकाला विचारलं. भाकरीचं चित्र आलं. सोनीकडं बोट. ती उठली, अख्ख्या शाळेला ऐकू जाईल एवढ्यानं म्हणाली, "बाटी."
गावची पोरं हसली. साहेबही हसले, वाईट नाही, पण हसले. हे.मा. म्हणाले, "मंद आहे साहेब, नाव कमीच करतोय."
मी म्हटलं, "उत्तर बरोबर आहे." माझाच आवाज मला अनोळखी. "तिच्या घरी याला बाटीच म्हणतात. साहेब, तिला विचारा, मराठीत काय म्हणतात."
साहेबांनी विचारलं. सोनी म्हणाली, भाकर. मग कोणी न विचारता तक्त्यावरची बाकीची चित्रंसुद्धा सांगितली, दोन्ही भाषांत, श्वास न घेता. मांजराच्या चित्रापाशी अडली.
साहेब म्हणाले, "ठीक आहे. पण बाई, अभ्यासक्रमात हे बसत नाही." आणि चहाला गेले. खोलीचं काही बोलले नाहीत.
शाळा सुटून जाताना हे.मा. एवढंच म्हणाले, "माझी नोकरीची दोन वर्षं उरली होती, राठोडबाई. सुखानं जाऊ दिलं असतं तर..."

१३ ऑक्टोबर
हे.मा.नी माझ्याकडून खुलासा मागवलाय. वर्गात मराठीव्यतिरिक्त भाषा वापरून मुलांचं नुकसान का केलं. सात दिवसांत लेखी.
नुकसान.

१७ ऑक्टोबर
हे.मा. स्वतः तांड्यावर जाऊन आले. तांड्याच्या प्रमुखाला, नायकाला, सांगितलं, बाई तुमच्या पोरांना तांड्याचीच भाषा शिकवते, म्हणजे पुढंही ऊसतोडीचा कोयताच हातात. आज नायकानं मला बोलावलं. मला वाटलं, आपली माणसं, समजून घेतील. वेडी मी.
नायक म्हणाला, "गोरमाटी घरात फुकट मिळते. त्यासाठी शाळेत कशाला धाडू?"
मी सांगत राहिले, ती पायरी आहे, एका भाषेवरून दुसरीवर चढायची. कोणी ऐकेना. सोनीची आई कमळी मागं उभी होती. ती पुढं आली. "बाजारात आमाला मराठी येत न्हाई म्हणून वजनात मारतात. दवाखान्यात आमचं कोणी ऐकत न्हाई. आन तू आमच्या पोरीला आमच्यासारखंच ठेवतीस?" मग म्हणाली, "तुझा पोरगा हाय न्हवं देगलूरला? त्याला येती का गोरमाटी?"
मी नायकाकडं बघितलं.
"बोल की. येती का?"
येत नाही. विजूला एक शब्द येत नाही.
हे सगळं कमळी गोरमाटीत बोलली. मी इथं मराठीत लिहिते आहे. लिहायला मला दुसरी येतच नाही.

१८ नोव्हेंबर, देगलूर
दिवाळीचे चार दिवस. यांना सगळं सांगितलं. हे तहसीलमध्ये कारकून, खुलासा म्हटलं की यांचा जीव अर्धा होतो. "चूक झाली म्हणून लिही आणि मोकळी हो. तुझी बदली इकडं जवळ, बिलोलीकडं व्हावी म्हणून मी पाया पडून राहिलो, आन तू तिकडं पुढारीपण करतीस."
विजूला जेवताना म्हटलं, बाटी घे. तो बघत राहिला. पुन्हा म्हटलं. शेजारचा मित्र बसला होता. विजू हळूच म्हणाला, "आई, असं नको ना बोलू. तो आहे इथं."
त्याला कोणी शिकवलं हे? कोणी नाही. आम्हीच घरात ती भाषा बंद ठेवली, त्याचं भलं व्हावं म्हणून. कमळीनं बरोबर जागेवर मारलं. तरी तिचं म्हणणं पटत नाही. तिचं आणि माझं, दोन्ही खरं आहे आणि मला कोणतंच सोसत नाही.
खुलाशाची मुदत कधीच संपली. लिहिलेला नाही.

२४ नोव्हेंबर
तांडा ऊसतोडीला निघाला. यंदा लवकर, इथं प्यायलाच पाणी नाही. ट्रकमध्ये भांडी, कोंबड्या, म्हाताऱ्या. सोनी दिसेना. बरं झालं, जाताना बघायला नको, असं मनात आलं आणि स्वतःचीच चीड आली.
दुपारी कमळी दारात. सोबत सोनी. "आजीजवळ ठेवून चालले. आपल्या भाषेत शिकव न्हाईतर सरकारच्या. होळीला आले की हिनं मला पाटी वाचून दाखवली पाहिजे. न्हाई वाचली तर तुला सोडणार न्हाई." पाणी विचारलं तर घेतलं नाही. ट्रक भोंगा वाजवत होता. पोरीकडं न बघता गेली.

२९ नोव्हेंबर
हे.मा.नी पहिलीचा वर्ग स्वतःकडं घेतला. मला चौथी. खुलासा न दिल्याबद्दल लातूरला कळवलंय म्हणाले. दोन वर्गांत मध्ये फक्त पत्र्याचा आडोसा, एका वर्गातलं खोकलणं दुसऱ्यात ऐकू येतं. दिवसभर त्यांचा आवाज ऐकला. सोनीचा नाही.

३० नोव्हेंबर
सोनी व्हरांड्यात उभी. आज कशासाठी, विचारलं नाही.
चौथीला भूगोल होता. नद्या. मी पुस्तक मिटलं. चौथीत सोनीसारखीच मागं राहिलेली तांड्याची तीन पोरं आहेत, कधीच तोंड न उघडणारी. त्यांच्याकडं बघून गोरमाटीत सुरू केलं, मोठ्यानं, मांजरा नदी कुठून येते, कुठं जाते, यंदा का आटली. मग मराठीत. मग पुन्हा गोरमाटीत. पत्र्यापलीकडं हळूहळू शांत झालं. सोनी व्हरांड्यातून सरकत माझ्या दारापाशी आली. आत ये म्हटलं. आली, खाली बसली.
मागोमाग हे.मा. दारात. चेहरा लाल. "राठोडबाई, हे मी लातूरला कळवणार."
कळवा, म्हटलं. तेही गोरमाटीतच निघालं तोंडातून. मराठीत सांगायची गरज पडली नाही. त्यांना समजलं होतं.
ते गेले नाहीत. मीही थांबले नाही. घंटा होईपर्यंत ते दारात उभे होते आणि मी शिकवत होते.