मान हलवणारी उमेदवार

दिंद्रुड,
मतदानाला बारा दिवस बाकी

प्रिय मनिषा,

भामाबाई मावशी उद्या सकाळी तुमच्या ऊसतोडीच्या तळावर निघाल्यात, तुझ्या लेकीसाठी लाडू आणि शेवया घेऊन. त्यांच्याच पिशवीत हे पत्र घालते आहे. फोन का केला न्हाई, हे तू आधी विचारशील. तू फडात ऊस तोडत असतेस तेव्हा मी मोकळी असते, आणि तू पाचटाच्या कोपीत येऊन चूल पेटवतेस तेव्हा मी कुठल्यातरी पारावर भाषण ठोकत असते. शिवाय जे सांगायचंय ते फोनवर सांगताना मी मधेच हसून विषय बदलला असता. बारावीपर्यंत एका बाकावर बसलोय आपण, माझी ही खोड तुला ठाऊक आहे.

आधी बातम्या. तुझी मैत्रीण आमदारकीला उभी आहे आणि खोटं कशाला बोलू, बरी चालली आहे. चिन्ह मिळालं कपबशी. केदारनाथला, म्हणजे माझ्या चुलतभावाला, ते फार आवडलं, कारण जीप चालवायची त्याने आणि चहा प्यायचा मी. ज्या गल्लीत चहा नाकारला त्या गल्लीत मत मागायला तोंड राहत नाही, म्हणून मी दोन्ही समाजांच्या सगळ्या गल्ल्यांत पिते. दिवसाला वीस कप होतात. आई म्हणते, निवडून येशील का ते शंभू जाणे, पण पित्त नक्की होणार. बाकीच्या दोन मोठ्या उमेदवारांकडे गाड्यांचे ताफे आहेत, एकामागे एक समाज, दुसऱ्यामागे दुसरा. माझ्याकडे एक जीप, एक भोंगा आणि तीस वर्षांचं वय. तरी बाया ऐकायला थांबतात. परवा एका वस्तीवर कडूबाई नावाच्या आजी सगळ्यांसमोर म्हणाल्या, "ही पोरगी कुणाला शिव्या देत न्हाई, मग हिला कामाचंच बोलावं लागतंय." एवढं नेमकं मला स्वतःला कधी सांगता आलं नव्हतं.

गेल्या दोन वर्षांत इथं काय झालं ते तू पाहून गेलीस. अमक्याने तमक्याच्या दुकानात जायचं नाही, तमक्याने अमक्याच्या लग्नात जेवायचं नाही. आमचं किराणा दुकान ना या समाजाचं ना त्या, मधल्या माणसांचं, म्हणून दोन्ही बाजूंची गर्दी आमच्याकडे लोटली. मला वाटलं, चला, आपलं तरी बरं चाललंय. आप्पा कपाळाला विभूती लावत होते, मागे न बघताच म्हणाले, "गिऱ्हाईक वाढलं म्हणून खूश होऊ नको. दुसऱ्याच्या दुकानाला लागलेली आग हाय ती." उभं राहायचं मी त्या दिवशी ठरवलं. तोवर वकिलीत माझं चांगलं बस्तान बसत होतं, हे तुला माहीत आहे.

आणि उभी राहिले ती शहादेवकाकांच्या जोरावर. अपक्षाच्या फॉर्मवर दहा सूचक लागतात. मी दहाही जण वेगवेगळ्या घरांतले, वेगवेगळ्या समाजांतले घेतले आणि पहिलं नाव तुझ्या वडिलांचं घातलं. काकांना सही येत नाही आणि अंगठा असेल तर तो अधिकाऱ्यासमोरच उठवावा लागतो. नेमका तो तुमच्या निघण्याचा दिवस. संसार भरून ट्रक तयार, चाळीस माणसं वर बसलेली, मुकादम घड्याळ दाखवतोय, आणि काकांनी ट्रक सरळ माजलगावला तहसिलीबाहेर आणून उभा केला. दोन तास. तू वर बसून लेकीला पाजत होतीस आणि मला चिडवत होतीस की आमदार झाल्यावर या ट्रकला पंखा बसव. काकांनी अंगठा उठवला, शाई धोतराला पुसली आणि म्हणाले, "माझ्या अंगठ्यानं आजवर निस्ती मुकादमाकडनं आगाऊ उचल मिळाली. आज पहिल्यांदा काहीतरी दिलंय." मी त्यांच्या पाया पडले होते. ते मनापासून होतं, मनिषा, एवढं धरून चल.

आता ती क्लिप. तुमच्या तळावरही पोचली, हे तिथल्या मंजुळाकाकूंनी आईला फोनवर सांगितलं. नदीकाठच्या गावातला पार, तिथले एक वजनदार मामा तुमच्या समाजाबद्दल म्हणतायत की ह्या लोकांना गावात थारा देता कामा नये, आणि मी शेजारी बसून मान हलवते आहे. एकोणीस सेकंदांची आहे. केदारनाथने त्याच संध्याकाळी सगळ्या ग्रुपवर टाकलं की क्लिप कापून बनवलेली आहे, विरोधकांचा डाव आहे. लोकांना पटलं. आमचा जोर तर उलट वाढला. मंजुळाकाकू सांगत होत्या, तळावर दोन माणसं माझ्याबद्दल वाईट बोलली तर तू कोयता खाली टाकून त्यांच्या अंगावर गेलीस. म्हणालीस, मी शिवांजलीला ओळखते, क्लिप कापलेली आहे, ती असं करूच शकत नाही. काकांनी टोळीला सांगितलं की मतदानाला सगळ्यांनी गावी जायचं, खाडा पडला तर पडू दे. आईने हे मला सांगितलं तेव्हा मी जेवत होते. ताट सारून मी आप्पांकडे गेले.

मान कशी हलली, तेवढं सांगते. बचाव म्हणून नाही. लहानपणापासून मी गल्ल्यावर बसले. आप्पांची शिकवण एकच, गिऱ्हाईक बोलत असलं की मान हलवायची, वजनकाटा हलू द्यायचा नाही. कुणी सासूला बोलतं, कुणी सरपंचाला, आपण हो म्हणायचं आणि साखर बरोबर तोलायची. दुकानात ते चालतं. त्या पारावर माझ्या हातात काटा नव्हता, नुसती मान होती. आणि त्या मामांच्या शब्दावर गावातली तीनशे मतं होती, हेही मला ठाऊक होतं. मी मधली, समतोल, कुणाला न दुखावणारी, असं माझं मलाच कौतुक होतं. दोघांनाही हो म्हणणं म्हणजे मधे उभं राहणं नव्हे. ते पहिल्याच वेळी समजायला हवं होतं, समजलं नाही.

आप्पांना सगळं सांगितलं. ते रागावले नाहीत. दुकानाची फळी निम्मी ओढून बसले आणि म्हणाले, ही चूक माझीही हाय, पण तुझ्यावाली तुलाच निस्तरावी लागंल. केदारनाथ मात्र हातापाया पडतोय. गप्प राहिलीस तर निवडून येशील, बोललीस तर ते गाव गेलं आणि टोळीही गेली, दोन्हीकडून मार. हिशेब त्याचा चुकत नाही. पण दिंद्रुडच्या येत्या बाजारात मी भोंगा हातात घेऊन बोलणार आहे, आणि त्या नदीकाठच्या पारावरही पुन्हा जाणार आहे. भीती वाटत नाही म्हटलं तर तू हसशील. थोडी वाटते. पण एवढ्या दिवसांच्या प्रचारात माझा स्वतःवर जेवढा विश्वास बसला नव्हता तेवढा हे ठरवल्यापासून बसलाय. हरले तरी पुन्हा उभी राहीन, आणि खरं सांगू, हरेन असं मला अजूनही वाटत नाही.

पण बाजाराला कळायच्या आधी तुला कळायला हवं, म्हणून हे पत्र. क्लिप कापलेली आहे, हे खरं आहे. फक्त कापलेला भाग माझ्या बाजूने बोलणारा नाही. त्या एकोणीस सेकंदांच्या आधी मामांनी मला विचारलं होतं, "तुझ्या फॉर्मवर पयला अंगठा त्या शहादेवचा हाय म्हणं. दुसरं कुणी भेटलं न्हाई का?" आणि मी हसून म्हणाले, "दहा लागत होते, मामा. कुणाचा तरी घ्यावा लागतो." ज्याने कुणी क्लिप कापली त्याला ते वाक्य फालतू वाटलं असेल. पारावरच्या आठ-दहा माणसांशिवाय ते कुणाला माहीत नाही. हे पत्र संध्याकाळी काकांना वाचून दाखव. ते वाक्य गाळू नकोस, माझ्या वतीने काही समजावूही नकोस. मतदानाला यायचं की नाही, आणि आलात तर कुणाला द्यायचं, ते त्यांचं त्यांनी ठरवावं. मी रागावणार नाही, तसा हक्कच मला नाही. आणि तळावर माझ्यासाठी कुणाशी भांडत असशील तर आता थांब, मनिषा. ती माणसं बरोबर बोलत होती.

तू ठेवशील तर तुझीच,
शिवांजली