दाईच्या पोटातली करडी

४ जानेवारी

आज लेकीच्या संशोधन केंद्रातली ती गाय पाहिली. मी तिला पाहिलं, तिने मला. दोघींनी एकमेकींना नापसंत केलं.

लेक म्हणाली, "आई, पोटातलं वासरू हिचं नाही."

"मग कुणाचं? चोरून आणलंय?"

तर म्हणे, करड्या गाईंची एक जात होती. खाणं कमी, आजारपण ठाऊक नाही. शेवटची गाय जायच्या आधी तिचं बीज आणि त्याच जातीच्या वळूचं बीज जुळवून लेकीने गर्भ तयार केले, गोठवून ठेवले. वीस वर्षं! आमच्या घरात साखर महिनाभर टिकत नाही. मग एकेक गर्भ दुसऱ्या गाईंच्या पोटात ठेवला. एकेक गेला. हा शेवटचा. ज्या गाईच्या पोटात आहे तिला सगळे दाई म्हणतात.

लेक महिनाअखेर निवृत्त होणार. मोठे साहेब म्हणालेत — ही जात पुढे चालली तर काम चालू, नाही तर गोठ्याला कुलूप. पोरीची सगळी नोकरी त्या एका पोटात!

(हे फोनला सांगते, तो लिहितो. मला वाचता येत नाही — म्हणजे गुपित माझ्यापासूनही सुरक्षित.)

९ जानेवारी

लेकीला विचारलं, वासरू कुणाच्या वळणावर जाणार?

"ज्यांचं बीज, त्यांच्या."

"आणि दाईचं काय?"

"पोट आणि दूध."

म्हणजे बीज सासूच्या घराण्याचं आणि नऊ महिने ओझं वाहणार सून. जुनीच पद्धत की! स्वयंपाकघरातून माझी सूनबाई खुदकन हसली. चला, कान शाबूत आहेत तिचे.

१५ जानेवारी

दाईने आज वैरणीला तोंड लावलं नाही. लेकीनेही ताटाला नाही.

१७ जानेवारी

व्याली! गोऱ्हा झाला. पण काळाकुट्ट.

लेक त्याला पुसत होती, पुन्हा पुसत होती, जसा काही रंग निघणार आहे. कांडीवाला भिंतीकडे तोंड करून उभा. हा माजावर आलेल्या गाईंना वळूच्या बिजाची कांडी भरतो, म्हणून कांडीवाला. मी म्हटलं, "तुझं का रे तोंड उतरलं? बाप तू आहेस का?"

रडायलाच लागला! "मॅडम, गर्भ ठेवायच्या आधीच्या आठवड्यात दाई माजावर दिसली. हाताला सवय... भरून टाकली. मग सांगायची छाती झाली नाही."

म्हणजे हा दाईचा स्वतःचाच. लेक हात धुवायला गेली. ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

मी पालथ्या बादलीवर बसून राहिले. तर दाई पुन्हा कण्हायला लागली! लेक पळत आली, हात आत घातला — "आई, अजून एक आहे!" सोनोग्राफीत ते पहिल्याच्या आड दडून बसलेलं.

आणि आली. राखेसारखी करडी, कपाळावर पांढरा ठिपका. कालवड! सगळ्यांनी टाळ्या पिटल्या. कांडीवाल्याने मला मिठीच मारली, शेणाच्या हातांनी.

लेकीने शेपटी उचलून पाहिलं, मग काळ्या गोऱ्ह्याकडे पाहिलं. ती एकटीच हसली नाही.

१८ जानेवारी

खोदून खोदून विचारलं तेव्हा बोलली. गाईला भाऊ-बहीण जुळे झाले तर पोटात दोघांच्या वारेच्या शिरा जुळतात. भावाचं रक्त बहिणीत जातं आणि तिचं गर्भाशय नीट घडतच नाही. दहातल्या नऊ जणी वांझ.

"माणसांतही?"

"नाही गं. माणसांत नाही."

ईश्वराने बायकांवर एवढी एक मेहेरबानी केली म्हणायची.

रक्त तपासायला गेलंय. मोठे साहेब करडीसोबत फोटो काढून घेत होते. लेकीने त्यांना तिथेच अडवलं — "साहेब, अजून अभिनंदन नको." लपवलं असतं तर निरोप थाटात झाला असता. पण पोरगी माझी आहे.

२३ जानेवारी

करडीने माझा पदर चघळला. अर्धा गिळला म्हणा.

लेकीला म्हटलं, एका गाईपायी एवढी वर्षं?

म्हणाली, "गेलेलं परत आणता येतं का, ते बघायचं होतं."

मी उरलेला पदरही करडीला देऊन टाकला.

२९ जानेवारी

निकाल आला. करडीला वासरू होणार नाही.

लेकीने कागद दोनदा वाचला. मग म्हणाली, "तिच्या कानाचा मसुराएवढा तुकडा काढून ठेवलाय. त्यातल्या पेशीपासून पुन्हा गर्भ करता येईल; या वेळी पोटात भाऊ नसेल, म्हणजे वांझपणही नाही. साहेबांकडून दोन वर्षं वाढवून घेतली."

"म्हणजे ती करडीची मुलगी होणार?"

"नाही आई. करडीच. पुन्हा."

हे तर पाहायलाच हवं. आता मलाही वरच्या साहेबांकडून दोन वर्षं वाढवून घ्यावी लागणार.