नानाचा वग, तीन प्रतींत

९ जानेवारी १९५६. चाकण.
तमाशे तपासणाऱ्या सरकारी बोर्डाचं पत्र आलं. फडात वाचता येणारा मी एकटा (शाळा सोडून पेटी धरली तरी 'मास्तर' काही सुटलं नाही), म्हणून सगळे माझ्याभोवती. वगाची लेखी प्रत पाहिजे. तीन प्रती. मग समितीपुढे खेळ, प्रतीबरहुकूम. पसंत पडला तर मान्यता, करमणूक कर माफ, वर तंबूसाठी सरकारी मदत. मान्यता नाही तर चैत्रातल्या जत्रांना परवाना नाही. म्हणजे फड बंद.

फडाच्या मालकीण हौसाबाई ऐकून म्हणाल्या, "मंग लिवा की मास्तर." जसा काही पाकिटावर पत्ता घालायचा आहे. हा वग आजवर कुणी लिहिलेला नाही. तो आमच्या सोंगाड्याच्या, नानाच्या पोटात आहे, आणि दर गावाला वेगळा बाहेर पडतो.

१३ जाने.
नानाला समोर बसवलं. शब्द फुटेना. ढोलकी लावली तरी नाही. ज्याला गप्प बसवता बसवता फौजदार दमले, तो माझा टाक बघून गप्प. शेवटी म्हणाला, "गाव कंचं ते सांगा, मंग सुचंल." मी म्हटलं, चाकणच धर. मग जो सुटला! चाकणचा कांद्याचा बाजार, चाकणची वेस, तात्या अडत्या. "तात्याच्या काट्यावर बायकूला बसवली, तर निम्मीच भरली. ऱ्हायल्याली निम्मी आजून हुडकतोय." तात्या खरा माणूस, दर खेळाला पुढे बसून सगळ्यांच्या आधी हसतो. लिहिताना मीही हसत होतो. आज आठ पानं.

२ फेब्रु.
तीन प्रती झाल्या. बोटं सुजली. चावट होतं ते काढलं, समितीत शिकलेली माणसं असणार. आता रोज नानाला एकेक पान वाचून दाखवतो, तो पाठ करतो. पन्नाशी उलटलेला माणूस, चुकला की स्वतःच्या गालात मारून घेतो. मला बघवत नाही, पण थांबवतही नाही.
ढोलकीवाला सखाराम पिंपरीच्या नव्या कारखान्यात काम आहे का विचारून आला. हौसाबाईंना कळलं. रात्री त्या जेवल्या नाहीत.

१९ फेब्रु. पुणे.
खेळ झाला. भर दुपारी, एका हॉलात, पाच जणांपुढे. पाचांच्याही माना प्रतीत, बोट ओळीवर. नाना एक अक्षर चुकला नाही. कुणी हसलंही नाही. तात्याच्या काट्यापाशी एका साहेबांनी थांबवून विचारलं, हे तात्या कोण? नाना माझ्याकडे बघायला लागला. मी सांगितलं, चाकणचे अडते. साहेबांनी टिपून घेतलं. परत येताना एसटीत नाना खिडकीकडे तोंड करून बसला होता. नापास झालो असं सगळे धरून चाललो आहोत.

२० मार्च.
मान्यता आली! "प्रत व प्रयोग तंतोतंत जुळतात." पानापानावर शिक्का. हौसाबाईंनी सगळ्यांच्या हातावर गूळ ठेवला, माझ्या पाया पडायला वाकल्या, मी मागे सरलो. सखारामनं कारखान्याचं नाव काढायचं सोडलं.

२१ मार्च.
आज पत्र नीट वाचलं. मंजूर प्रतीबाहेर एक शब्द बोलला तर मान्यता रद्द. जत्रेत पोलीस प्रत घेऊन पडताळणी करणार. बदल पाहिजे तर पुन्हा तीन प्रती, पुन्हा समिती. ती पावसाळ्यानंतर बसेल.
आणि प्रतीत चाकण आहे. पानोपानी चाकण, अकरा जागी. आमच्या जत्रा आकुर्डीच्या, मारुंजीच्या, मावळातल्या. लिहिताना एकदाही डोक्यात आलं नाही. मी गाढव आहे. सोंगाड्याचा वग लिहिताना गावाची जागा कोरी सोडावी, एवढी अक्कल मुलांना शुद्धलेखन शिकवणाऱ्याला नसावी?
हौसाबाईंना अजून सांगितलेलं नाही.

१४ एप्रिल. आकुर्डी.
कसं लिहू.
गण, गवळण चांगली झाली. वग लागला आणि नाना चाकणच्या बाजारात शिरला. लोक थोडा वेळ वाट बघत राहिले. मग मागून एक म्हातारा उभा राहून म्हणाला, "अरं, ही आकुर्डी हाय. आमाला कुणी पाव्हणं समजतुयास का?" नाना थांबला. पूर्वीचा असता तर त्या म्हाताऱ्यालाच धरून अर्धा तास गाव लोळवलं असतं. पुढे जमादार प्रत घेऊन बसलेला. नानानं तोंड मिटलं, आणि पुढचं वाक्य बोलला. प्रतीतलं. लोक उठून जायला लागले. मी पेटी वाजवत राहिलो.

१६ एप्रिल.
दोन गावांचे निरोप आले, येऊ नका म्हणून. आता फक्त मारुंजी. तिथंही असंच झालं तर सखाराम जाणार, तो गेला की बाकीचे. हौसाबाईंना सगळं सांगितलं. वाटलं होतं शिव्या देतील. म्हणाल्या, "तुमी आमच्या भल्याचंच केलं." शिव्या परवडल्या असत्या.

नानाची माफी मागायला गेलो. तो विडी विझवून म्हणाला, "मास्तर, आदी मला लोकांची त्वांडं दिसायची. आता तुमचं पान आठवीत ऱ्हातो, त्वांडं दिसतच न्हाईत." रागाने नाही बोलला. मला रडू आलं, ते त्याच्यासमोरच आलं.

२२ एप्रिल. मारुंजी.
खेळाच्या दिवशी दुपारी सोंगाड्यानं गावात हिंडायचं, पारावर, लोहाराकडे, विहिरीवर बसायचं, कुणाचं काय चाललंय ते ऐकून ठेवायचं, ही फडाची रीत. आकुर्डीला नाना तंबूतच पडून होता. आज जेवण होताच उठला, पटका बांधला आणि गावात गेला. हौसाबाईंनी माझ्याकडे बघितलं. मी पेटी पुसायला घेतली.

आता परतलाय. तंबूच्या दाराशी चार गावकरी घेऊन उभा आहे, हसतोय. कित्येक आठवड्यांत हसलेला पाहिला नव्हता.

जमादार येऊन बसला. प्रत मागितली. नाही म्हणता आलं नाही, दिली. वाचणारा आहे, पहिलं पान उघडलंसुद्धा.

जमादार आलाय हे नानाला सांगावं का? सांगितलं तर प्रतीतलं बोलेल, लोक उठून जातील, फड मोडेल. न सांगितलं तर मनातलं बोलेल आणि मान्यता जाईल, फड मोडेलच. सांगायला म्हणून उठलो. त्याच्याजवळ गेलो. त्यानं मला गावकऱ्यांपुढे ओढलं आणि म्हणाला, "ह्ये आमचं मास्तर. लई शिकल्यालं हायती."
न सांगता तसाच परत आलो. ढोलकी लागली आहे. पेटीवर बसायला हवं.