उजव्या हाताची गाडी

५ जानेवारी २०२५, रविवार
नव्या वहीचं पहिलं पान, म्हणून रीतसर नोंद. मी शौकत परकार, वय ५२, मूळ दाभोळ, सध्या शारजा, अल मजाज. दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमध्ये डब्यांची झाकणं बनवणाऱ्या फॅक्टरीत स्टोअर इनचार्ज. घरात बायको हमीदा आणि मुलगी नबिला, बारावीला. नबिलाला मराठी वाचता येत नाही आणि हमीदाला माझं अक्षर लागत नाही. वही सुरक्षित.
परवा एचआरची नोटीस आली. १ फेब्रुवारीपासून शारजाची स्टाफ बस बंद. ज्यांना अडचण असेल त्यांना फॅक्टरीजवळच्या स्टाफ अकोमोडेशनमध्ये बेड मिळेल. बेड. खोलीसुद्धा नाही. एकोणीस वर्षांनी बेड.
निर्णय झाला. गाडी घेणार. लायसन्स २०११चं. आजवर एकही ॲक्सिडेंट नाही. गाडी नव्हती हे खरं, पण रेकॉर्ड ते रेकॉर्ड.

९ जानेवारी, गुरुवार
चार दिवस अभ्यास केला. आमच्या भागात गाडीपेक्षा पार्किंग महाग. खालच्या मजल्यावरचे प्रल्हाद साठे, आमच्याच अकाउंट्समधले, रोज संध्याकाळी गाडी घेऊन तळ्याभोवती तीन फेऱ्या मारतात तेव्हा जागा मिळते. याला उत्तर जपान्यांनी काढून ठेवलंय. छोटी गाडी. ६६० सीसी. लांबी तीन मीटर चाळीस. आमच्या बिल्डिंगसमोर दिव्याचा खांब आणि कचऱ्याचा डबा यांच्यामध्ये जी जागा आहे, ती मी टेपने मोजली. तीन मीटर सत्तर. तिथे कुणीच गाडी लावत नाही. आता लागेल.
हमीदाने विचारलं की ट्रेलर धावतात त्या हायवेवर ही चालेल का. मी म्हटलं, ही गाडी खास सिटी ड्रायव्हिंगसाठी आहे. तिने विचारलं, घर ते फॅक्टरी पन्नास किलोमीटर, त्यात सिटी कुठे येते?
बायकांना कन्सेप्ट समजवायला वेळ लागतो.

१२ जानेवारी, रविवार
शारजा इंडस्ट्रियल एरिया. अर्सलानचं यार्ड. जपानहून आलेल्या शे-दीडशे गाड्या उन्हात उभ्या. मधोमध ती. साईच्या रंगाची, चौकोनी, स्वच्छ. आत बसलो तर डोकं छताला लागलं नाही, गुडघेही जवळजवळ लागले नाहीत.
अर्सलान प्रामाणिक माणूस. तीनदा म्हणाला, भाईजान, ये एक्सपोर्ट की गाडी है. मी म्हटलं, दिसतंच आहे. एक्सपोर्ट क्वालिटी लपत नाही.
स्टिअरिंग उजवीकडे आहे. आपल्याकडे भारतात असंच असतं. रक्तात असतं ते.
सहा हजार दिरहम. म्हणजे एक लाख चाळीस हजार रुपये. भारतात यात स्कूटर येते.
पावती करताना अर्सलानने विचारलं, किस मुल्क भेजनी है? मी म्हटलं, अल मजाज. तो खूप हसला. मीही हसलो. गमत्या माणूस.

१४ जानेवारी, मंगळवार
हाफ डे टाकला. रिकव्हरीच्या ट्रकवर घालून गाडी इन्स्पेक्शनला नेली. तिथला ऑफिसर गाडीभोवती एकदा फिरला. डावीकडचं दार उघडून त्याने स्टिअरिंग शोधलं, ते सापडलं नाही. मग म्हणाला, हबीबी, राइट हँड इथे रजिस्टर होत नाही. कधीच होत नाही. खलास.
मी म्हटलं, तुमच्या सीनियरशी बोलतो. तोच सीनियर होता.
घरी सांगितलं, पेपरवर्क चालू आहे. खोटं नाही. वहीत लिहितोय, म्हणजे पेपरवर्कच.

२६ जानेवारी, रविवार
उपाय सापडला. स्टिअरिंग उजवीकडून डावीकडे आणायचं. अर्सलानच्या यार्डसमोर फहदचं गॅरेज आहे. केरळचा, तीस वर्षं हेच काम. तोही म्हणाला की स्टिअरिंग हलवून देतो, पण पासिंग होणार नाही, मेरा जिम्मा नहीं. फहदचा स्वभाव निराशावादी आहे. कारागीर माणसं असतातच तशी.
संकल्प: नबिलाच्या पहिल्या पेपरला, २१ फेब्रुवारीला, मी स्वतः सेंटरपर्यंत गाडीने सोडणार. तिला सांगून टाकलं. ती म्हणाली, ओके अब्बा. पुस्तकातून मान वर केली नाही, पण खूश वाटली.

३ फेब्रुवारी, सोमवार
बसशिवाय पहिला दिवस. पहाटे पाच दहाला निघालो. बस, मेट्रो, परत बस, मग चालत. पस्तीस मिनिटं लेट. घरी पोचायला पावणेनऊ. जेवताना डोळा लागला, हातात घास तसाच.
साठ्यांनी विचारलं होतं, तिघं जातो आहोत, चौथी सीट रिकामी आहे, येता का? मी म्हटलं, माझी स्वतःची येतेय आठवड्याभरात. ती सीट रोनितने घेतली. डिस्पॅचचा पोरगेला ऑफिसर. बसू दे. तरुणांना आधार द्यावा.

१२ फेब्रुवारी, बुधवार
पाच वेळा लेट. पहिलं वॉर्निंग लेटर. भाषा सभ्य आहे.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार
नबिलाचा पहिला पेपर. गाडीचा डॅशबोर्ड अजून फहदच्या बाकावर. सकाळी मी टॅक्सी बोलवायला खाली उतरलो, तर ती आधीच मैत्रिणीच्या गाडीत बसत होती. अब्बा, इट्स ओके, रिद्धीज डॅड इज टेकिंग अस. शेवटच्या पेपरपर्यंत ठरलंय म्हणे. कधी ठरलं? लास्ट मंथ, अब्बा.
बरंच झालं. मी सोडलं असतं तर तिला टेन्शन आलं असतं.
फूटपाथवर थोडा वेळ उभा राहिलो. खांब आणि डब्यामध्ये कुणीतरी मोटरसायकल लावली आहे.

२३ फेब्रुवारी, रविवार
काम पूर्ण. हमीदा आणि नबिलाला टॅक्सीने गॅरेजला घेऊन गेलो. सरप्राइज.
स्टिअरिंग डावीकडे आलं आहे. उजवीकडे जिथे ते होतं तिथे भोक राहिलं, त्यावर फहदने प्लायवूड लावून कार्पेट चिकटवलंय. इंडिकेटर दिला की वायपर फिरतो, पण ते सवयीने जाईल. नबिला म्हणाली, अब्बा, इट्स क्यूट. मग तिने फोटो काढला. फोटोत मी नव्हतो, पण गाडी छान आली.
यार्डात एक फेरी मारली. हमीदा शेजारी बसली होती, पर्स मांडीवर घट्ट धरून. थांबल्यावर तिने मला काही विचारलं नाही. उतरून सरळ फहदला विचारलं, ये रोड पे कब आएगी? फहदने माझ्याकडे पाहिलं, मग जमिनीकडे. म्हणाला, भाभी, मैंने पहले ही बोला था. नहीं आएगी.
परतताना टॅक्सीत नबिलाने कानात इअरफोन घातले होते. हमीदा खिडकीकडे बघत म्हणाली, "मला गाडी कधी नको होती. तुम्ही जेवायला जागे असावेत, एवढंच हवं होतं."
मी म्हटलं, त्यासाठीच तर गाडी. तिने डोळे मिटून घेतले. दमली असेल. परीक्षेचं टेन्शन आईलाच जास्त असतं.

६ मार्च, गुरुवार
रमजान. ड्युटी दोन तास कमी, त्यामुळे इन्स्पेक्शनला पुन्हा जाता आलं. यावेळी दुसरा ऑफिसर. तरुण, अतिशय नम्र. त्याने कार्पेट उचललं, प्लायवूड पाहिलं, पुन्हा कार्पेट नीट बसवून दिलं. मॉडिफाइड. रिजेक्ट. मग म्हणाला, अंकल, रोजा आहे तुमचा, उन्हात उभे राहू नका.
मी म्हटलं, अपील कुठे करायचं? त्याने पाण्याची बाटली दिली आणि इफ्तारला प्या म्हणाला.
इफ्तार बसमध्येच झाला. ट्रॅफिकमध्ये अडकलो होतो. शेजारच्या बंगाली माणसाने तीन खजूर दिले, स्वतःला एकच ठेवला. घरी हमीदाने माझं ताट झाकून ठेवलं होतं. त्या दोघींचं झालं होतं.

१६ मार्च, रविवार
गाडी परत द्यायला गेलो. हार नाही, स्ट्रॅटेजी. अर्सलानने आत डोकं घातलं आणि बराच वेळ बाहेरच काढलं नाही. मग समजावून सांगितलं. अशी गाडी घेणारे देश आफ्रिकेतले, तिथे स्टिअरिंग उजवीकडेच लागतं. आता ते डावीकडे आहे, म्हणजे तिकडे चालत नाही. आणि डावीकडे असूनही इकडे पास होत नाही. अब ये ना इधर की, ना उधर की.
थोडं लागलं मला. तिच्यासमोर असं बोलायला नको होतं.
फहदने पार्ट्ससाठी ठेवून घेतली. दारं काढताना मी थांबलो नाही. काम होतं.
दुसरं वॉर्निंग लेटर. यात "फायनल" हा शब्द आहे.

५ एप्रिल, शनिवार
काल नबिलाचा शेवटचा पेपर झाला. आज हमीदाने चहा ठेवला आणि समोर बसून सांगितलं. १२ तारखेची तिकिटं, दोन. पनवेलला तिच्या भावाच्या वरचा फ्लॅट रिकामा आहे, नबिलाला कॉलेज तिकडेच. इथला फ्लॅट महिनाअखेर सोडायचा. तिने हे सगळं फेब्रुवारीत ठरवलं होतं. परीक्षा संपेपर्यंत बोलली नाही, एवढंच.
मी विचारलं, आणि मी?
"तुम्ही आधी बेड घ्या. नोकरी गेली तर तिघं मिळून पनवेलला काय करणार?"
माझ्या मनात अगदी हेच होतं. फक्त तिने आधी बोलून दाखवलं.

१२ एप्रिल, शनिवार
शारजा एअरपोर्ट. मोठी टॅक्सी करावी लागली, सहा बॅगा. छोट्या गाडीत एकही बसली नसती. वेळेवर सुटलो म्हणायचं.
आत जाताना नबिलाने मिठी मारली आणि मराठीत म्हणाली, "अब्बा, वेळेवर जेवा." उच्चार चुकला होता. मी दुरुस्त केला नाही.

२० एप्रिल, रविवार
स्टाफ अकोमोडेशन, खोली नंबर १४. चौघं. वरचा बेड मिळाला, हवा चांगली येते. फॅक्टरी चालत चार मिनिटं. आठवड्यात एकही लेट मार्क नाही. सिटी ड्रायव्हिंगचा प्रश्न मुळापासून सुटला. संध्याकाळी सहाला मी मोकळा असतो. साडेसहालाही असतो.
आज व्हिडिओ कॉल केला. नबिलाने ड्रायव्हिंग क्लास लावलाय. तिला बारा मिनिटं टिप्स दिल्या, मग तिला जायचं होतं. फोन हमीदाकडे आला. ती भाकऱ्या करत होती, हात पिठाचे, म्हणून तिने फोन ओट्यावर उताणा ठेवला. मला स्वयंपाकघराचं छत आणि पंखा दिसत होता. भाकरी थापल्याचा आवाज येत होता. ती म्हणाली, बोला, ऐकतेय.
मी बोलत राहिलो. नंतर मिक्सर सुरू झाला, तरी बोलत राहिलो.