न उचललेली साखर

पाथर्डी, ६ ऑक्टोबर २०२५

ती. भागवतदादास,

पुष्पाचा शि. सा. न. वि. वि.

फोन सोडून पत्र का, तर फोनवर तू मध्येच संस्कृत शिकवतोस आणि विषय राहून जातो.

माझ्या अंगणवाडीत लहानपणी शेंगदाणे चोरणारी निकिता, जिच्या गोष्टी तुला सांगायचे, ती सहा महिन्यांची गरोदर आहे. दिवाळी होताच नवऱ्याबरोबर तुमच्याच कारखान्याच्या ऊसतोडीला निघणार. गेल्या वर्षी तिचं पोटातलं मूल फडातच गेलं. एक दिवस पडून राहते म्हणाली, तर मुकादम म्हणे, खाडा केला की दंड पडंल. यंदा न जावं, तर मुकादमाकडून मजुरीची आगाऊ उचल आधीच घेतलेली.

बायांनी कारखान्याला लिहून दिलंय, गरोदर बाईला भरपगारी विश्रांती द्या, खाड्याचा दंड काढा. उत्तर नाही. कारखाना भितो तो सभासदांना. तेव्हा दिवाळीची सवलतीची साखर यंदा तुम्ही सभासद कोणी उचलू नका.

वहिनींना नमस्कार. रागावलास तरी माया कमी करू नकोस.

तुझी,
पुष्पा

•

चिंचवस्ती, १५ ऑक्टोबर २०२५

चि. सौ. पुष्पास,

अनेक आशीर्वाद. वि. वि.

आज्ञा शिरोधार्य. वस्तीवरच्या सगळ्या सभासदांची साखरेची कार्डे सुतळीत ओवून मारुतीच्या देवळात टांगली आहेत. देवाला एवढा मोठा हार प्रथमच मिळाला. सर्वांत कडवे आबासाहेब, ज्यांना डॉक्टरांनी दहा वर्षांपूर्वीच साखर बंद केली आहे.

मी चहात गूळ घातला, तर तुझ्या सुरेखावहिनीने विचारले, गूळ काय शेवग्याचा होतो का? तेव्हापासून बिनगोडाचा काढा पितो. सुरेखाचे बोलणेही त्याच चवीचे आहे. करंज्या कशाच्या करू, एवढेच विचारते.

काल कारखान्याचे संचालक येऊन गेले. म्हणाले, गुरुजी, मास्तरकीत राजकारण आणू नका. मी म्हटले, मी फक्त चहातली साखर सोडली आहे.

त्या शेंगदाणेचोर मुलीला माझा आशीर्वाद सांग. लोभ तेवढा गोड राहू दे.

भागवत

•

चिंचवस्ती, २ डिसेंबर २०२५

चि. सौ. पुष्पास,

अनेक आशीर्वाद. वि. वि.

कारखान्याने सूड घेतला. कार्डे टांगणाऱ्यांची तोड मागे ढकलली. आमच्या उसाला तुरे आले, वजन घटू लागले. पंधरा दिवस शेतकी ऑफिसच्या पायऱ्या झिजवल्या, तेव्हा काल एकदाची टोळी आली.

हसू नकोस. साखर नको, पण तोड हवी, असा मी आधुनिक वैरागी आहे. तोडीची चिठ्ठी रद्द व्हायची भीती होती, म्हणून मुकादमाला म्हटले, काही झाले तरी आजच रान मोकळे कर. केले बिचाऱ्यांनी. बाभळीखाली एक मुलगी टेकली होती, तिला तांब्याभर पाणी दिले आणि म्हटले, आटप बाई, ट्रक थांबलाय.

मागणीवर बैठक आहे म्हणतात. निकिताची खुशाली कळव. जिव्हाळा आहेच, तो असाच असू दे.

भागवत

•

पाथर्डी, ११ डिसेंबर २०२५

ती. भागवतदादास,

शि. सा. न. वि. वि.

कारखान्याने मान्य केलं. दोन्ही मागण्यांवर सही झाली. कार्डं सोडा, असा बायांचा निरोप आहे.

निकिता परत आली. मूल गेलं, मुलगा होता. एक तारखेला दिवसभर मोळ्या घेऊन फळीवरून ट्रकवर चढत होती. रात्रीच कळा सुरू झाल्या. ती कोणाला बोल लावत नाही. एवढंच म्हणाली, लई घाई हुती त्या दिशी. बाभळीखाली एका गुरुजींनी तांब्याभर पानी दिलं, मानूस चांगला हुता.

मी तिला काही सांगितलं नाही. तुला सांगते आहे.

पुष्पा

•

चिंचवस्ती, २० डिसेंबर २०२५

चि. सौ. पुष्पास,

आशीर्वाद.

पत्र पोचले. कार्डे सोडली. आबासाहेबांनी नारळ फोडला. लोक माझ्या पाया पडले, मी पडू दिले.

शेकडो टोळ्या येतात, असे लिहिले होते. खोडले. नाव विचारायला वेळ लागत नाही.

बाभळीकडून फिरायला जातो, कारण वाट तिकडूनच आहे. तोडलेल्या उसाच्या खोडव्याला कोंब फुटले आहेत, पाणी द्यावे लागते, देतो. तांब्या घासून जागेवर ठेवला आहे.

साखर आली. पोते दारात होते, ते आत घेतले. सुरेखाने चहा केला, मी प्यायलो. गोड आहे, असे ती म्हणते.

भागवत