अंड्यासारखं वर्तुळ

गुरुवार, १७ ऑगस्ट १९६७, बेंगळूर

आजही अंडंच आलं. विद्यापीठातल्या संगणकाच्या वर्गात नुसतं एक वर्तुळ काढायचं होतं. मी गणित कार्डांवर भोकं पाडून, म्हणजे पंच करून, यंत्राला दिलं आणि छापयंत्राने फुल्याफुल्यांचं चित्र दिलं. उभं, लांबट. शेजारी बसणारा मंजुनाथ माझ्या मुलाच्या वयाचा. म्हणाला, "अक्का, कोंबडी कुठे आहे?" सगळे हसले. मीही हसले. का हसले मी?

सर म्हणाले, "शाळेत भूमिती शिकवता ना तुम्ही?" पुढच्या आठवड्यात पुन्हा चुकलं तर परीक्षेला बसू देणार नाहीत.

घरी यांनी कागद पाहिला. "छान आहे की. स्वल्प लांब आहे, इतकंच." यांचा प्रेमळपणा आज अजिबात सोसवला नाही.

समीकरण पुन्हा तपासलं. बरोबर आहे. मग अंडं का? शेवटी चिडून कागदावर पट्टी ठेवली. एका ओळीतल्या फुल्या दाटीने बसलेल्या, पण दोन ओळींमधलं अंतर जास्त. म्हणजे माझं वर्तुळ बरोबरच होतं, छापताना ते उभं ताणलं जात होतं. कागदावर गोल हवं असेल तर यंत्राकडे आडवं लंबवर्तुळ मागायला हवं. इतकं साधं, आणि वर्गात कुणी सांगू नये?

तरी नवं समीकरण लिहायला हात चालत नाही. वर्तुळासाठी असं लंबवर्तुळाचं समीकरण लिहिलेलं दिसलं की इतकी वर्षं मी शाळेतल्या मुलींच्या वहीत लाल फुली मारत आले.